आजोबांच्या ट्रंकेतला जपानी झेंडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याकडच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांनी ठेवलेला एक झेंडा सापडला: पांढऱ्या रेशमावर मधोमध लाल गोळा आणि भोवती काळ्या शाईत जपानी अक्षरं. सोबत तीन पदकं, त्यातली दोन चांदणीच्या आकाराची, एक पितळी बिल्ला आणि डिस्चार्जचा कागद. आजोबा दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या पलटणीत होते, मणिपूरच्या आघाडीवर. एक जुन्या वस्तूंचा व्यापारी सगळं एकगठ्ठा घ्यायला तयार आहे. झेंडा ड्रायक्लीन करून फ्रेम करावा का, तो खरा आहे का, विकावा का, आणि आता या विषयाची गोडी लागली आहे तर संग्रहाला सुरुवात कशी करावी, हे तुम्ही विचारलं आहे.

आधी एक विनंती. ड्रायक्लीनला दिला असेल तर आजच परत आणा. धुऊ नका, इस्त्री फिरवू नका, उन्हात वाळत घालू नका. मी तीस वर्षं जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते आणि त्यातला मोठा काळ लष्करी कापडांत गेला आहे. झेंडे, अंगरखे, कमरपट्टे, पदकांच्या फिती. माझ्या टेबलावर आलेल्या झेंड्यांना लढाईपेक्षा घरच्यांच्या मायेच्या साफसफाईनेच जास्त इजा झालेली मी पाहिली आहे.

त्याचं कारण शाईत आहे. अशा झेंड्यावरची काळी शाई बहुधा 'सुमी' असते: काजळी आणि सरस यांची वडी पाण्यात उगाळून ब्रशाने लिहायची. काजळी विरघळत नाही, पण तिला कापडाशी धरून ठेवणारा सरस पाण्याने मऊ पडतो. त्यातच सह्या करणाऱ्यांपैकी कुणी साधं फाउंटन पेन वापरलेलं असतं, आणि ती शाई थेंबभर पाण्यानेही पसरते. लाल गोळ्याचा रंग पक्का असेलच असं नाही. एका घरी सुनेने असाच झेंडा, पैठणीला जपतात तितक्याच काळजीने, रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुतला होता. माझ्याकडे आला तेव्हा तो गुलाबी होता आणि चाळीसेक नावांपैकी दोनच वाचता येत होती. गेलेली नावं परत आणण्याची कुठलीही विद्या नाही. ड्रायक्लीनमध्ये पाणी नसलं तरी कापड यंत्रात घुसळलं जातं, आणि ऐंशी वर्षांचं रेशीम घड्यांच्या रेघांवर तुटायला टेकलेलं असतं.

मग आज काय करायचं? हात साबणाने धुऊन कोरडे करा, अंगठ्या-बांगड्या काढा. पलंगावर धुतलेली पांढरी चादर अंथरा, पंखा बंद करा. झेंडा उलगडण्याआधी घडीसकट त्याचा फोटो काढा. ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. मग सावकाश उलगडा, आणि कुठे चिकटलं आहे असं वाटलं तर तिथेच थांबा. पूर्ण उलगडला की खिडकीच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मग एकेका कोपऱ्याचे, मग प्रत्येक सहीचा जवळून. शेवटी दिवा किंवा टॉर्च कापडाच्या पातळीला आडवी धरून आणखी काही फोटो घ्या. तिरप्या उजेडात घड्यांच्या रेघा, टाचणीची भोकं, शिवण उठून दिसते. लांबी-रुंदी लिहून ठेवा.

आता या झेंड्याबद्दल. जपानीत याला 'योसेगाकी हिनोमारू' म्हणतात. हिनोमारू म्हणजे सूर्यबिंबाचा झेंडा आणि योसेगाकी म्हणजे अनेकांनी मिळून एका जागी लिहिणं. गावातल्या पोराला लष्कराचं बोलावणं आलं की घरचे, शेजारी, शाळेतले शिक्षक, कारखान्यातले सोबती एक झेंडा आणत आणि त्यावर आपापली नावं लिहून निरोपाला देत. बहुतेक झेंड्यांवर चार मोठी चिन्हं असतात, 'बुउन चोक्यू'. रणातलं दैव तुला दीर्घकाळ साथ देवो, असा त्यांचा अर्थ. एका कडेला उभ्या ओळीत ज्याला झेंडा दिला त्याचं नाव येतं आणि त्याला जोडून 'कुन' हे तरुण मुलासाठीचं आपुलकीचं संबोधन. बाकीची नावं लाल बिंबापासून किरणांसारखी बाहेर पसरलेली असतात. काहींवर देवस्थानाचा तांबडा शिक्काही दिसतो. कोपऱ्यांना चामड्याचे किंवा जाड कापडाचे त्रिकोणी तुकडे लावलेले असतात, त्यात बांधायची दोरी. शिपाई हा झेंडा घडी घालून अंगरख्याच्या आत, छातीशी ठेवत असे.

म्हणजे तुमच्या ट्रंकेत जे आहे ते एका देशाचं निशाण आहे त्याहून जास्त एका माणसाचं निरोपपत्र आहे, आणि त्यावर त्याचं नाव लिहिलेलं आहे. माझ्या पुढच्या सगळ्या उत्तराचा पाया हाच आहे.

खरा-खोटा ओळखायच्या काही खुणा सांगते, पण फोटो पाहिल्याशिवाय निवाडा देत नाही. पहिली खूण हस्ताक्षरांची. खऱ्या झेंड्यावर पंचवीस-पन्नास जणांचे हात असतात. कुणाचं ब्रशवर प्रभुत्व, कुणाची पोरवयातली वाकडी अक्षरं, कुणी जागा संपली म्हणून शेवटचं अक्षर दाबून बसवलेलं. जपानी वाचता येत नसलं तरी हे दिसतं. बनावट झेंड्यावर सगळी नावं एकाच माणसाने बसून लिहिलेली असतात आणि दाब, जाडी, वळण सारखं येतं. दुसरी खूण कापडाची. हे झेंडे रेशमी, सुती किंवा रेयॉनचे असत. शिवणीत पॉलिस्टरचा दोरा निघाला तर प्रश्नच मिटला. नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चखाली अंधारात पाहा: कापड निळसर पांढरं चमकलं तर त्यात आधुनिक उजळक (कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून घालतात ते रसायन) आहे, आणि कापडात असे उजळक सर्रास वापरले जाऊ लागले ते युद्धानंतर. इथे नवशिके फसतात, म्हणून सांगते: जुनं कापडसुद्धा मधल्या काळात कधी आजच्या पावडरीने धुतलं असेल तर तसंच चमकतं. त्यामुळे चमक हा संशय, निकाल नव्हे. तिसरी गोष्ट रक्ताची. डाग असलेला झेंडा जास्त पैशांना जातो म्हणून डाग पाडणारे लोक आहेत. चहाच्या पाण्यात बुडवून, उन्हात पिवळा करून, कडा जाळून विकायला ठेवलेले झेंडे मी हातात घेतले आहेत. खऱ्या जुनाटपणात पिवळेपणा घडीच्या बाहेरच्या पदरांवर जास्त आणि आतल्या पदरांवर कमी असतो. चहातला झेंडा सगळीकडे सारखा पिवळा होतो.

तुमच्या बाबतीत मला फारशी शंका वाटत नाही, कारण वस्तू थेट घरातून निघाली आहे आणि सोबत पलटणीचे कागद आहेत. या क्षेत्रात याहून मोठा पुरावा नसतो. व्यापारी सगळं एकगठ्ठा मागतो आहे त्याचं कारणही तेच. तो नेईल आणि मग वेगवेगळं विकेल. झेंडा एका संग्राहकाला, चांदण्या दुसऱ्याला, बिल्ला तिसऱ्याला, आणि डिस्चार्जचा कागद कदाचित कुणालाच नाही. त्या दिवशी आजोबांचं नाव या वस्तूंपासून तुटेल आणि ते पुन्हा कधीही जोडता येणार नाही.

चौथी पलटण म्हटल्यावर मला आधी सांगशाक आठवतं. मणिपुरात उखरूलजवळच्या त्या टेकडीवर २२ ते २६ मार्च १९४४ या दिवसांत ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर तुमच्या आजोबांची पलटण लढली. समोर जपानच्या ३१ व्या डिव्हिजनची ५८ वी रेजिमेंट होती. निइगाता प्रांतातल्या ताकादा शहराकडची, हिमवर्षावाच्या मुलखातली माणसं. तिथे एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याच्या अंगावर नकाशा सापडला आणि शत्रू कोहिमाकडे कुठल्या वाटांनी निघाला आहे हे त्यावरून कळलं. मृताच्या अंगावरचे कागद, झेंडे, वह्या तपासायची पद्धत होती ती यासाठी. लढून मेलेल्या शत्रूची झडती घेणं हे शिपायाला सांगितलेलं काम होतं, हे लक्षात ठेवा. आजोबांनी काही वाईट केलं का, असा प्रश्न मनात येत असेल तर त्याचं उत्तर यात आहे.

पण झेंडा सांगशाकचाच आहे असं ठरवून टाकू नका. पलटण त्यानंतर इम्फाळच्या लढाईत होती, आणि १९४५ च्या ऑक्टोबरात ४९ व्या ब्रिगेडबरोबर जावा बेटावर सुराबायाला उतरली. तेव्हा जपान शरण आलं होतं. शरण आलेल्या जपान्यांकडून हत्यारांबरोबर झेंडेही घेतले जात, कधी कुणी सिगारेटच्या बदल्यात देऊन टाकत. म्हणजे या झेंड्याचा मालक मणिपुरात मेला असेल, किंवा तो जिवंत घरी जाऊन म्हाताराही झाला असेल. दोन्ही शक्यता उघड्या ठेवा. कोणती खरी, हे नाव वाचल्यावर कळू शकतं.

नाव वाचून घेणं अवघड नाही. पुण्यात जपानी शिकलेली आणि शिकवणारी माणसं पुष्कळ आहेत. मात्र युद्धकाळातलं ब्रशाचं हस्ताक्षर जुन्या वळणाचं असतं आणि आजच्या पाठ्यपुस्तकातलं जपानी येणाऱ्याला ते सगळं लागेलच असं नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ॲस्टोरिया इथे ओबॉन सोसायटी नावाची संस्था आहे. रेक्स आणि केको झीक या दांपत्याने २००९ मध्ये हे काम सुरू केलं. केको जपानी आहेत. युद्धातून आलेले असे झेंडे वाचून, शिपायाच्या कुटुंबाचा शोध घेऊन ते विनामूल्य परत पोहोचवणं एवढंच ही संस्था करते, आणि शेकडो झेंडे तिने घरी पोहोचवले आहेत. आधी फक्त फोटो पाठवता येतात. मुंबईत जपानचा वाणिज्य दूतावास आहे, तिथेही चौकशी करता येईल.

परत करावा का? तुम्ही हे विचारलेलं नाही, तरी मी सांगणार आहे. परदेशी भूमीवर सुमारे २४ लाख जपानी त्या युद्धात मेले आणि त्यातल्या ११ लाखांहून जास्त जणांचे अवशेष आजवर मायदेशी गेलेले नाहीत. एकट्या इम्फाळ-कोहिमाच्या मोहिमेत सुमारे ८५,००० सैन्य उतरलं होतं, त्यातले ३०,००० हून जास्त मेले. गोळीपेक्षा उपासमारीने आणि आजाराने जास्त. घरी सरकारकडून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी जायची. तिच्यात कित्येकदा अस्थींच्या जागी एखादा दगड किंवा नाव लिहिलेला कागद असे. अशा घराला ऐंशी वर्षांनी, आईच्या किंवा शाळेतल्या गुरुजींच्या हस्ताक्षरातला झेंडा मिळतो तेव्हा ते त्याला वस्तू समजत नाहीत. त्या घरी माणूस परत आलेला असतो. आपल्याकडे अस्थी न मिळालेल्या माणसाचा पुतळा करून संस्कार करतात. ते ज्याने पाहिलं असेल त्याला याहून जास्त सांगायला नको.

यावर संग्राहकांचं वेगळं मत आहे आणि ते मी हलकं मानत नाही. आजोबांनी जीव धोक्यात घालून आणलेली ही खूण आहे, ती आपल्या घरात, आपल्या पुढच्या पिढीसमोर असावी, असं ते म्हणतात. मराठा शिपायांच्या या आघाडीच्या आठवणी आपल्याकडे आधीच किती कमी उरल्या आहेत, हेही खरं. म्हणून मी घाई करा म्हणत नाही. वाचून घ्या, शोध लागतो का पाहा, घरातल्या सगळ्यांना विचारा. माझा स्वतःचा कल स्पष्ट आहे: नाव वाचता आलं आणि कुटुंब सापडलं, तर झेंडा त्यांचा. पूर्ण आकाराचा फोटो आणि त्यांचं उत्तर आजोबांच्या पदकांशेजारी लावा. माझ्या संग्रहात असे पाच झेंडे होते. आज एक आहे, कारण त्यावरचं नाव ओलीने गेलेलं आहे.

परत पाठवायचं ठरलं तर कागदपत्रांची एक पायरी आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरते, आणि ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना व दस्तऐवजांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९४४ चा झेंडा १०० वर्षांचा झालेला नाही, पण त्यावर मजकूर आहे, म्हणून वाद नको. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ही वस्तू पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि मगच पार्सल करा. पहिल्या महायुद्धातली पदकं मात्र आता शंभरी ओलांडून गेली आहेत. ती परदेशी ग्राहकाला टपालाने पाठवणारे लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

ट्रंकेत संगीन किंवा तलवार असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी विचारा. काडतूस, हातबॉम्ब, तोफगोळ्यासारखं काहीही असेल तर हात न लावता खोलीतून बाहेर पडा आणि पोलिसांना बोलवा. जुनी दारूगोळ्याची वस्तू निकामी झालेली असते हा समज जीवघेणा आहे.

आता पदकं. चांदणीच्या आकाराची दोन बहुधा १९३९-४५ स्टार आणि बर्मा स्टार असतील, आणि तिसरं गोल, ज्यावर दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा सिंह आहे, ते वॉर मेडल. बर्मा स्टारच्या फितीत मधोमध लाल पट्टा आणि दोन्हीकडे गडद निळ्यात नारिंगी रेघ असते. ही पदकं फार मोठ्या संख्येने वाटली गेली, त्यामुळे बाजारात त्यांना मोठी किंमत नाही. ती ज्याची आहेत त्याच्या नावासकट असली तरच त्यांना वजन येतं. म्हणून संच फोडू नका, फिती बदलू नका आणि ब्रासो अजिबात लावू नका. तो काळपट थर धातूचं रक्षणच करतो.

पहिल्या महायुद्धाच्या पदकांबाबत तर पॉलिश म्हणजे पाप. आजोबांच्या आधीच्या पिढीतलं कुणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होतं का, पाहा. सहाव्या पूना डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात अडकल्या होत्या, आणि सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतून माणसं तिथे गेली. 'या गावातून इतके जण महायुद्धावर गेले' अशी इंग्रजी पाटी आजही पुष्कळ गावांच्या चावडीवर किंवा वेशीत दिसते. त्या शिपायांना चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुषी फितीचं कांस्य व्हिक्टरी मेडल मिळालं. दोन्हींच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तीन-चार पिढ्यांच्या घासण्याने ती अक्षरं गुळगुळीत होतात. चांदी कडाडली तेव्हा यातली असंख्य पदकं सोनाराच्या मुशीत गेली. एका घरी आजीने मला नथीकडे बोट दाखवून सांगितलं, 'ह्यात सासऱ्यांचं मेडल आहे.' त्यांना दोष कोण देईल? त्या वर्षी घरात लग्न होतं.

विकत घेताना अशा पदकाची कड तपासा. मूळ व्यास ३६ मिलिमीटर असतो. नाव घासून दुसरं ठोकलेलं असेल तर तो कमी भरतो किंवा एका जागी कड बसकी लागते. साधा व्हर्नियर कॅलिपर पुरतो.

आजोबांची माहिती काढायला डिस्चार्जच्या कागदावरचा नंबर सोन्यासारखा आहे. तो घेऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. बेळगावला रेजिमेंटचं संग्रहालयही आहे. पलटणीच्या युद्धकाळातल्या रोजनिश्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आग्नेय आशियाच्या आघाडीच्या रोजनिश्यांची मालिका 'डब्ल्यूओ १७२'. तिकडे नातेवाईक असतील तर त्यांना एक दिवस पाठवा. आजोबांच्या सोबत्यांपैकी कुणी आघाडीवरच कामी आलं असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नावाने शोध विनामूल्य घेता येतो. मणिपूरला गेलात तर माइबाम लोकपा चिंगच्या पायथ्याशी, ज्याला रेड हिल म्हणतात, २०१९ मध्ये उघडलेलं इम्फाळ शांती संग्रहालय चुकवू नका.

साठवणुकीचं सांगते, कारण पुढच्या पावसाळ्यात खरा शत्रू तोच आहे. पत्र्याची ट्रंक गंजते आणि गंजाचा डाग रेशमातून निघत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घातलं तर ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. जाड पुठ्ठ्याची नळी घ्या, तिच्यावर ॲसिड-फ्री टिश्यू पेपर गुंडाळा, वरून झेंडा सैलसर गुंडाळा आणि सगळ्यावर खळ काढून धुतलेल्या मलमलचं वेष्टण. नळी शक्य नसेल तर आपल्या आज्या पैठणीचं करायच्या तेच करा: मलमलमध्ये ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेघेवर घाला, घडीच्या आत टिश्यूची सैल वळकटी ठेवा. डांबरगोळ्या कापडाला टेकता कामा नयेत. वेखंडाची किंवा कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात चालेल, कापडाजवळ नको. आजोबांचा लोकरी अंगरखा किंवा पट्ट्या असतील तर कसर आधी तिथे लागते. हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

फ्रेमबद्दल माझी एक जुनी जखम आहे. एका फ्रेमवाल्याने एका शिपायाच्या कुटुंबाचा झेंडा ताठ, सपाट दिसावा म्हणून प्लायवर चिकटवून दिला होता. तो सोडवायला मला चार महिने लागले आणि तरी मधला तळहाताएवढा भाग प्लायलाच राहिला. कापड कधीही चिकटवायचं नसतं. आधाराच्या कापडावर बारीक सुईने टाके घालून बसवायचं असतं, आणि काच त्याला टेकता कामा नये. लॅमिनेशन तर विचारातही आणू नका. उजेड ५० लक्सपेक्षा जास्त नको, म्हणजे दिवाणखान्यातल्या मंद दिव्याइतकाच. खिडकीसमोरची भिंत तर नकोच. मी असते तर मूळ झेंडा नळीवर ठेवला असता आणि भिंतीवर त्याच आकाराचा छापील फोटो लावला असता. दुरुस्ती खरोखर लागलीच तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलावस्तू जतन केंद्र आहे, तिथे सल्ला मागा.

संग्रह सुरू करण्याबद्दल. करा, पण 'जुने लष्करी झेंडे' असा विषय घेऊ नका, बुडाल. आपला तालुका घ्या, किंवा एक पलटण घ्या. पहिलं वर्ष काहीही विकत न घेता फक्त पाहा आणि हातात धरा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार इथे फिरा. बिल्ला उलटा करून पाहा: ठशावर ठोकलेल्या बिल्ल्याची पाठ स्वच्छ आणि कड धारदार असते, साच्यात ओतलेल्या नकलेचा पृष्ठभाग रवाळ लागतो. नाझी झेंड्यांना मी हात लावत नाही. माझ्या मनाला ते पटत नाही आणि त्यात नकला इतक्या आहेत की नवख्याचे पैसे बुडणारच.

'पलटणीचं निशाण' म्हणून कुणी रेशमी, भरतकामाचा झेंडा दाखवला तर दोन पावलं मागे सरा. पलटणीची निशाणं विकली जात नाहीत. जुनी झाली की सन्मानाने कायमची ठेवली जातात. भारतीय पलटणींची राजाची निशाणं २३ नोव्हेंबर १९५० रोजी डेहराडूनला भारतीय सैन्य अकादमीच्या चेटवुड सभागृहात ठेवली गेली. मी उमेदवारीच्या काळात '११० व्या मराठा पलटणीचं निशाण' महिन्याच्या पगाराहून जास्त पैसे देऊन घेतलं होतं. घरी आणून कडेची शिवण उसवली तेव्हा आत नायलॉनचा दोरा होता. त्या रात्री रडले आणि दुसऱ्या दिवसापासून शिवण आधी पाहायला शिकले.

नव्या माणसाला परवडणारी आणि प्रामाणिक वस्तू म्हणजे जहाजांवरचे झेंडे. जहाजफोडीतून ते मुंबईत दारूखाना नावाच्या भागात येत असत. बंटिंग नावाच्या विरविरीत लोकरी कापडाचे असतात, काठीकडच्या पांढऱ्या पट्टीवर आकार आणि कधी ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण ठोकलेली असते. आकार 'ब्रेड्थ'मध्ये लिहिलेला असतो, एक ब्रेड्थ म्हणजे ९ इंच. कापलेलं, ठिगळ लावलेलं, वाऱ्याने कड फाटलेलं निशाण घ्या. ठिगळ लावणाऱ्या खलाशाचा हात त्यात असतो. आणि पैसे झेंड्यापेक्षा कागदांवर खर्च करा. पत्रं, पेबुकं (शिपायाच्या पगाराच्या वह्या), गावातल्या पलटणीतल्या माणसांचे ग्रुप फोटो. ते रद्दीत जातात आणि त्यांच्याविना बाकी सगळं मुकं आहे.

तुम्ही लिहिलं आहे की आत्या अजून आहेत, आणि दिवाळीच्या आवराआवरीत आजोबा तो झेंडा दरवर्षी काढून पुन्हा ठेवायचे हे त्यांना आठवतं. मग बाकी सगळ्याआधी त्यांच्याकडे जा. मोबाइलवर आवाज नोंदवा, मध्ये बोलू नका, तारखा विचारून अडवू नका. झेंडा दाखवायचा तर घडीतच न्या. जपानी शिपायाने अंगरख्यात मावेल अशी लहान चौकोनी घडी घातलेली असते आणि तिच्या रेघा कायमच्या उमटतात. त्याच्यावर आजोबांच्या ट्रंकेतल्या घडीच्या मोठ्या रेघा असतील. तिरप्या उजेडातल्या फोटोत दोन्ही दिसायला हव्यात. आत्यांना एवढं विचारा की आजोबा त्याची घडी कशी घालायचे, आधी कुठली बाजू आत, आणि घालताना काही म्हणायचे का. मग ते फोटो आणि त्यांचं उत्तर मला पाठवा.